राजा गेला, पण घराणे राहिले : आर्मेनियाचे ममिकोनियन

मंडळी, दोन मोठ्या जमीनदारांच्या मध्ये एखाद्या लहान शेतकऱ्याचे शेत सापडले, म्हणजे त्याची काय गत होते हे तुम्हांला सांगायला नको. आज हा बांध कोरतो, उद्या तो कोरतो. दोघांचे भांडण झाले की बैल याच्या पिकातून जातात आणि दोघांचा समेट झाला की वाटणी याच्याच जमिनीची होते. जे शेतकऱ्याचे, तेच कधी कधी एखाद्या देशाचेही होते. अशाच एका देशाची आणि त्यातल्या एका घराण्याची हकीगत आज सांगायची आहे. देशाचे नाव आर्मेनिया आणि घराण्याचे नाव ममिकोनियन.

शिक्षक मंडळींनी भिंतीवरचा आशियाचा नकाशा जरा जवळ घ्यावा. पश्चिमेला काळा समुद्र, पूर्वेला कॅस्पियन समुद्र, आणि या दोहोंच्या मध्ये उंच डोंगराळ पठार. अरारात पर्वत तिथलाच. युफ्रेटिस आणि तैग्रिस या दोन प्रसिद्ध नद्या याच पठाराच्या बाजूने उगम पावतात. हा जुना आर्मेनिया. आजचे आर्मेनियाचे प्रजासत्ताक त्याच्या मानाने फार लहान आहे; जुन्या देशाचा मोठा भाग आज तुर्कस्तानात आहे.

इसवी सनाच्या चौथ्या शतकात या पठाराच्या पश्चिमेला रोमचे साम्राज्य होते आणि पूर्वेला इराणच्या सासानी बादशहांचे. दोघेही बलाढ्य. आर्मेनियात अर्शाकुनी वंशाचे राजे राज्य करीत होते. त्यांनी चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तो राज्याचा धर्म केला. इराणचा राजधर्म जरथुश्त्राचा, अग्निपूजेचा. पुढे रोमच्या बादशहांनीही ख्रिस्ती धर्म घेतला. तेव्हा आर्मेनियाचा राजा कोणाकडे झुकतो, या एका गोष्टीवर दोन साम्राज्यांचे डोळे लागलेले असत.

पण देश काही एकट्या राजावर चालत नव्हता. डोंगरांनी तुटक तुटक झालेल्या एकेका खोऱ्यात एकेक सरदार घराणे पिढ्यान् पिढ्या नांदत होते. या सरदारांना तिकडे नाखारार म्हणत. आपल्या जुन्या देशमुखांची वतने डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नाखारार म्हणजे काय हे कळेल. जमीन घराण्याची, किल्ला घराण्याचा, घोडदळ घराण्याचे आणि दरबारातला मानही घराण्याचाच. राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या मस्तकावर मुकुट ठेवण्याचा मान बगरातुनी घराण्याचा, आणि साऱ्या सैन्याचे सेनापतिपद ममिकोनियन घराण्याचे.

या सेनापतीला ते लोक ‘स्पारापेत’ म्हणत. शब्द परका वाटतो ना? पण जरा उकलून पाहा. हा शब्द आर्मेनियन लोकांनी जुन्या इराणी भाषेतून घेतला. त्यातला ‘पेत’ म्हणजे आपल्या सेनापतीतला ‘पती’. पहिल्या भागाचा अर्थ सैन्य. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘सिपाही’ त्याच मुळाचा. तिथल्या महसुलाच्या आणि कारभाराच्या अधिकाऱ्याला ‘हजारापेत’ म्हणत. त्यातला हजार तर आपल्या बोलण्यातलाच. प्रतिष्ठित घोडेस्वार वर्गाला ‘अझात’ म्हणत, म्हणजे आपला आझाद. माणसे दूरची असली तरी शब्द असे एकमेकांच्या घरी जाऊन येतात.

ममिकोनियन घराण्याचा मूळपुरुष फार पूर्वेकडून, चेन लोकांच्या देशातून आला, अशी दंतकथा होती. पुष्कळ जण तो देश म्हणजे चीन समजत. इतिहासकार मात्र तिला दंतकथाच मानतात. त्यांची वतने होती वायव्येला तायक प्रांतात, चोरूह नदीच्या खोऱ्याकडे, आणि नंतर दक्षिणेला मूश गावाभोवतालच्या तारोन प्रांतात.

सेनापतिपद घराण्याचे म्हणजे किती घराण्याचे? पावस्तोस नावाच्या जुन्या इतिहासकाराने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वाचे ममिकोनियन लढाईत पडला. त्याचा मुलगा आर्तावाझ्द अगदीच लहान. घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. तरीसुद्धा राजाने त्या पोराला बापाच्या गादीवर बसवले आणि स्पारापेत केले. प्रत्यक्ष सैन्य सांभाळायचे काम दुसऱ्या दोन सरदारांकडे दिले, ते मूल मोठे होईपर्यंत! आपल्याला हे हसण्यासारखे वाटेल. पण यातच पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे. हा अधिकार राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. म्हणूनच राजा नाहीसा झाला तरी तो अधिकार नाहीसा झाला नाही.

राजा नाहीसा होण्याची सुरुवात कशी झाली, ती गोष्ट ऐका. अर्शाक दुसरा हा आर्मेनियाचा राजा आणि वासाक ममिकोनियन त्याचा सेनापती. इराणचा बादशहा शापूर दुसरा याने ३६८ च्या सुमारास दोघांना बोलणी करायला म्हणून बोलावून घेतले. अर्शाकच्या मनात काय आहे हे त्याला काढून घ्यायचे होते. पावस्तोस सांगतो की, शापूरने आर्मेनियातून माती आणि पाणी आणवले, आपल्या तंबूतली निम्मी जमीन त्या मातीने झाकली आणि निम्मी तशीच ठेवली. मग अर्शाकचा हात धरून तो तंबूत फेऱ्या घालू लागला. इराणी मातीवर पाय असेपर्यंत अर्शाक नम्रपणे बोले. पाय आर्मेनियाच्या मातीवर पडला, की त्याचा आवाज चढे आणि तो बादशहालाच दम देऊ लागे. आपल्या सिंहासनबत्तिशीत टेकाडावर बसलेला गुराखी न्यायाधीश होतो, तसाच हा प्रकार.

ही कथा अक्षरशः घडली असे कोणी म्हणणार नाही. पण शेवट खरा आहे. अर्शाकला कैदेत टाकले आणि तो तिथेच मेला. वासाकला हाल करून मारले. वासाक अंगाने ठेंगणा होता. मरणाच्या दारात शापूरने त्याची कोल्हा म्हणून चेष्टा केली, तेव्हा त्याने दोन साम्राज्यांच्या दोन डोंगरांवर एकेक पाय रोवून उभ्या राहिलेल्या राक्षसाची उपमा स्वतःला दिली, असे पावस्तोस लिहितो.

वासाकचा मुलगा मुशेग याने रोमच्या मदतीने इराण्यांना हटवले आणि अर्शाकचा मुलगा पाप याला गादीवर बसवले. पण ३७४ मध्ये त्याच रोमच्या लोकांनी पापचा खून केला. नंतरच्या वाराझ्दात राजाने संशयावरून मुशेगला मेजवानीला बोलावून ठार मारले. तेव्हा इराणच्या कैदेतून सुटून आलेला मानुएल ममिकोनियन उठला. त्याने वाराझ्दातला देशाबाहेर घालवले. आता पाहा, गादी मोकळी होती, सैन्य याच्या हातात होते. पण मानुएल स्वतः राजा झाला नाही. त्याने पापच्या विधवा राणीला आणि तिच्या दोन लहान मुलांना मानाने सांभाळले, त्यांच्या नावाने राज्य चालवले आणि थोरल्या मुलाला आपली मुलगी दिली. राजपद आपले नव्हे, राखण आपली, अशी या घराण्याची शिस्त होती.

मानुएल सुमारे ३८५ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांच्या सुमारास, ३८७ मध्ये, दोन्ही साम्राज्यांनी आर्मेनिया वाटून घेतला. मोठा वाटा इराणकडे गेला. त्या भागात आणखी चाळीसएक वर्षे नावाला राजे होते. अखेर ४२८ साली तेही संपले. आणि ते कोणी संपवले? खुद्द नाखारारांनी. तरुण राजाच्या वर्तनाला कंटाळून त्यांनी इराणच्या बादशहाकडे तक्रार नेली आणि राजा काढून टाकण्याची मागणी केली. धर्मगुरू साहाक यांनी त्यांना परोपरीने बजावले होते, की आपले मेंढरू आजारी असले तरी ते लांडग्याच्या स्वाधीन करू नये. ऐकले कोणी नाही. घरातले भांडण परक्याच्या ओसरीवर गेले, आणि परक्याने राजाबरोबर राज्यही काढून घेतले. इराणचा सुभेदार आला. त्या सुभेदाराला मर्झपान, म्हणजे सीमेचा रखवालदार, असे नाव होते. ‘मुंबई समाचार’ १८२२ साली सुरू करणाऱ्या फर्दुनजी मर्झबान यांचे आडनाव तुम्ही ऐकले असेल, तो हाच शब्द.

राजा गेला, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, घराणी. दुसरी, अक्षरे. साधारण ४०५ साली मेसरोप माश्तोत्स या विद्वान साधूने आर्मेनियन भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली होती. धर्मगुरू साहाक यांचा तिला पाठिंबा होता. शाळा निघाल्या, भाषांतरे झाली. याच साहाक यांची मुलगी ममिकोनियन घराण्यात दिलेली होती आणि तिच्या पोटी वर्दान जन्मला. तलवारीचे घराणे आणि पोथीचे घराणे असे एका ठिकाणी आले. साहाक यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या जमिनीही नातवांकडे गेल्या.

आता येते ४४९ हे साल. इराणच्या गादीवर यझदगर्द दुसरा होता आणि त्याचा वजीर होता मेहेर नरसे. आर्मेनियाचे घोडदळ दूर पूर्वेच्या सरहद्दीवर लढायला नेले जात होते. देशात नवी मोजणी होऊन कर वाढले, मठांवरही कर बसला. आणि वर हुकूम आला की, सर्वांनी जरथुश्त्री धर्म स्वीकारावा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हाच धर्म पुढे पारशी मंडळी आपल्याकडे घेऊन आली, आणि स्वतःचा धर्म राखण्यासाठीच त्यांनी इराण सोडले, असे त्यांची परंपरा सांगते. तेव्हा दोष धर्माचा नव्हे. साम्राज्य एकजीव करायचे म्हणून लोकांच्या मनावर हुकूम चालवू पाहणाऱ्या राजसत्तेचा तो दोष.

आर्मेनियाचे सरदार आणि धर्मगुरू आर्ताशात येथे जमले आणि त्यांनी नकार कळवला. बादशहाने सरदारांना राजधानीत बोलावले. तिथे जिवावर बेतले, तेव्हा वर्दानसह सर्वांनी वरवर होकार दिला आणि इराणी पुरोहित बरोबर घेऊन ते परतले. पण घरी येऊन पाहतात तो गावोगावचे लोक खवळलेले! पुरोहित देवळाचे दार उघडायला गेले, तर शेतकरी आणि धर्मगुरू काठ्या घेऊन आडवे आले. म्हणजे बंड प्रथम सरदारांनी केले नाही. लोकांनी केले, आणि सरदारांना त्यांच्या मागे यावे लागले.

वर्दानने नेतृत्व पत्करले. मदतीसाठी माणसे कॉन्स्टँटिनोपलला गेली. पण तिथला बादशहा ४५० मध्ये वारला, आणि नव्या मार्सियनला हूणांच्या अत्तिलाची धास्ती होती. त्याने अंग काढून घेतले. घरातही फूट पडली. स्यूनिक प्रांताचा सरदार वासाक हा त्या वेळी मर्झपान होता. हा वासाक निराळा, सेनापती वासाकाशी याचा घोटाळा करू नका. त्याचे मुलगे इराणी दरबारात ओलीस होते. तो आणि त्याच्या बाजूची घराणी इराणकडे गेली.

२६ मे ४५१ रोजी अवारायरच्या मैदानावर लढाई झाली. ही जागा आज इराणच्या वायव्य कोपऱ्यात आहे. समोर इराणचे अफाट सैन्य आणि त्यात हत्ती. वर्दान आणि त्याच्याबरोबरचे अनेक सरदार तिथे पडले. येघिशे हा इतिहासकार आर्मेनियाकडचे १०३६ मेले असे सांगतो, आणि इराणकडचे ३५४४. आकडे एका बाजूचे आहेत हे लक्षात घ्या. काही असले तरी मैदान इराणच्या हाती राहिले. धर्मगुरूंना पकडून नेले आणि ४५४ मध्ये ठार मारले. सरदार कैदेत पडले. गंमत म्हणा की नियतीचा न्याय म्हणा, इराणची बाजू घेणाऱ्या स्यूनिकच्या वासाकालाही बक्षीस मिळाले नाही. बंड आवरता आले नाही म्हणून त्याचे पद गेले, आणि तो कैदेतच मेला.

पण इराणच्या दरबाराने एक धडा घेतला. सगळा देश सक्तीने धर्मांतर करणार नाही, हे त्याला उमगले. हुकूम कागदावर राहिला आणि त्याचा जोर ओसरला. जबरदस्ती गेली, तिच्या जागी लालूच आली. जो धर्म बदलेल त्याला मान, पद आणि दुसऱ्याच्या वतनावर हक्क. भाऊबंदकीचा फायदा घेणारी ही युक्ती तलवारीपेक्षा घातक होती, हे तुम्हां खेड्यातल्या माणसांना सहज पटेल.

वर्दानचा पुतण्या वाहान हा अवारायरच्या वेळी लहान पोर होता. भावांसह त्याला इराणी दरबारात नेले होते. त्याच्या मावशीचा नवरा मोठा सरदार होता. त्याने रदबदली करून पोरांना सोडवले आणि आईने त्यांना वाढवले. वाहान मोठा झाल्यावर हुशार निघाला. पण दरबारात त्याच्यावर सतत संशय. अखेर त्यानेही वरवर इराणचा धर्म घेतला, आणि ती गोष्ट त्याच्या मनाला कायम डाचत राहिली.

४८१ साली शेजारच्या जॉर्जियाच्या राजाने उठाव केला. आर्मेनियाचे सरदार वाहानकडे आले. त्याने प्रथम त्यांना सावध केले : मदतीचा भरवसा नाही आणि आपली माणसेच एकमेकांवर विश्वास ठेवीत नाहीत. पण सर्वांनी शपथ घेतली, तेव्हा तो उभा राहिला. त्यांनी मुकुट ठेवणाऱ्या घराण्यातल्या साहाक बगरातुनीला मर्झपान केले. वाहान सेनापती झाला. पुढच्याच वर्षी साहाक लढाईत पडला. वाहानने मात्र काकाची चूक केली नाही. मोठ्या मैदानात मोठी फौज अंगावर घेण्याऐवजी तो डोंगरांचा आश्रय घेई, अचानक छापा घाली आणि निसटून जाई. गनिमी काव्याची ही रीत मराठी माणसाला निराळी समजावून द्यायला नको.

तीन वर्षे हे चालले. अशात ४८४ साली इराणचा बादशहा पेरोज पूर्वेच्या सरहद्दीवर श्वेत हूणांशी लढताना मारला गेला. हूणांचा त्रास आपल्याकडच्या गुप्त सम्राटांनाही याच शतकात झाला होता. इकडे वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याची लेणी खोदली जात होती, तो हाच सुमार. इराणचा खजिना रिकामा, सैन्य मोडलेले. नव्या बादशहाने, बलाशने, बोलणी करायला माणूस पाठवला.

न्वार्साक नावाच्या गावी करार झाला. वाहानने तीन गोष्टी मागितल्या. पहिली : आम्हांला आमचा धर्म पाळू द्या, कोणावर सक्ती नको, आणि आमच्या देशातली अग्निमंदिरे काढून घ्या. दुसरी : धर्म बदलला म्हणून कोणाला मान किंवा वतन देऊ नका, माणसाची योग्यता पाहा. तिसरी : बादशहाने आमचा न्याय स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या कानांनी ऐकून करावा, चहाडखोरांच्या सांगण्यावरून करू नये.

या तीन मागण्यांकडे नीट पाहा. त्यांत मुकुट नाही, स्वतंत्र राज्य नाही, सूडही नाही. मनाचे स्वातंत्र्य, लायकीला मान आणि ऐकून घेणारा न्याय, एवढेच. इराणने ते मान्य केले आणि ४८५ साली वाहानलाच मर्झपान नेमले. ज्या पदावर परका सुभेदार बसे, तिथे वर्दानचा पुतण्या बसला. अवारायर हरल्यानंतर तेहेतीस वर्षांनी तिथला हक्क मिळाला. वाहानच्याच सांगण्यावरून गाझार या लेखकाने ही सारी हकीगत लिहून काढली, म्हणून आज ती आपल्याला कळते.

हा या घराण्याच्या कीर्तीचा कळस. पुढची उतरंड थोडक्यात सांगतो. ५७२ साली दुसऱ्या एका वर्दान ममिकोनियनने इराणच्या मर्झपानाला ठार केले, आणि त्यातून दोन साम्राज्यांत वीस वर्षे युद्ध पेटले. सातव्या शतकात सासानी साम्राज्य बुडाले आणि अरबांची सत्ता आली. ग्रिगोर ममिकोनियनने खलिफाच्या संमतीने देशाचा कारभार शांतपणे केला. त्याने बांधलेल्या आरुचच्या भव्य देवळाच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण आठव्या शतकात ममिकोनियन आणि बगरातुनी या दोन घराण्यांचे वैर विकोपाला गेले. एका ममिकोनियन सरदाराने बगरातुनी प्रमुखाचे डोळे काढवले. नंतर ७७४ साली अरबी करांच्या भाराने उठाव झाला, तेव्हा बगरातुनींपैकी काहींनी वेळ योग्य नाही म्हणून इशारा दिला. ममिकोनियन लढले. २५ एप्रिल ७७५ रोजी बाग्रेवांदच्या लढाईत त्यांचा पुढारी मुशेग पडला, आणि त्याच्याबरोबर घराण्याची सत्ताही गेली. वतने हळूहळू इतरांकडे, मुख्यतः बगरातुनींकडे गेली. थांबून वेळ पाहणाऱ्या त्या घराण्याने नवव्या शतकाच्या अखेरीस आर्मेनियाचे राज्य पुन्हा उभे केले.

मग ममिकोनियन हरले का? वतनाच्या हिशेबात हरले. ज्या वतनदारीने राजा गेल्यावरही देश जिवंत ठेवला, तिनेच घराण्याघराण्यांत वैर लावून देश दुबळा केला, हे कबूल केले पाहिजे. पण लोकांच्या आठवणीचा हिशेब निराळा असतो. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सुरू होण्यापूर्वीच्या गुरुवारी आर्मेनियन लोक आजही वर्दान आणि त्याच्या सोबत्यांचा दिवस पाळतात. राजधानी येरेवानमध्ये १९७५ साली त्याचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला. व्यापारासाठी आर्मेनियन लोक जगभर पांगले, आपल्या मुंबईतही आले. फोर्टात त्यांनी १७९६ साली प्रार्थनामंदिर बांधले. जिथे गेले तिथे त्यांनी आपली अक्षरे आणि हा दिवस बरोबर नेला.

शिक्षक मित्रांना शेवटी एक सुचवतो. मुलांना ही गोष्ट सांगताना अवारायरपाशी थांबू नका. लढाईची गोष्ट मुलांना आवडते, आणि ती सांगावीच. पण पुढे न्वार्साकच्या तीन मागण्या फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा : यांतली कोणती सर्वांत अवघड? मुले पहिलीकडे बोट दाखवतील. मला विचाराल तर तिसरी. स्वतःच्या कानांनी ऐकून न्याय करणे बादशहाला जितके अवघड होते, तितकेच ते गावच्या पंचाला आणि वर्गातल्या गुरुजींनाही असते.